अनोळखी रानझाड विषारी आहे का, हे ओळखायचं कसं

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, झाडाकडे नुसतं बघून "हे विषारी" असं ठरवता येईल अशी एकही हमखास खूण नाहीये. काटे असले म्हणजे विषारी असं नसतं, नसले म्हणजे निर्धास्त असंही नसतं, लाल फळ, पांढरा चीक, उग्र वास, चकचकीत पान यातलं कुठलंही एकटं धरून चालत नाही. कण्हेरीचं फूल किती साजरं दिसतं, आणि तिच्या पानापासून मुळापर्यंत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष भरलेलं असतं. त्यामुळे "हे विषारी आहे का" हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न "हे नेमकं कोणतं झाड आहे" हा. नाव पक्कं झालं की विषाची माहिती आपोआप मिळते, आणि नाव पक्कं होईपर्यंत ते विषारीच आहे असं धरून वागायचं, बस्स.

आणि चाखून बघायचं नाही. थोडंसं सुद्धा नाही, जिभेच्या टोकाला लावून सुद्धा नाही. हे एवढं ठासून सांगतोय कारण जंगलात तगून राहण्याच्या नावाखाली एक "टेस्ट" फिरत असते, आधी कातडीला चोळा, मग ओठाला लावा, मग छोटा तुकडा चावा, काही तास थांबा आणि काही झालं नाही तर खा. बचनागाच्या मुळाचा छोटा तुकडा सुद्धा जीव घेऊ शकतो, आणि गुंजेतलं ॲब्रिन किंवा कळलावीतलं कोल्चिसिन यांचा त्रास काही वेळा बऱ्याच तासांनी सुरू होतो, म्हणजे ज्या वेळात तुम्ही "काही झालं नाही" म्हणून खुश होणार त्याच वेळात ते विष आत काम करत असतं.

अजून काही समजुती डोक्यातून काढून टाका. पक्षी खातात म्हणजे माणसाला चालतं, हे खोटं आहे, माणसाला घातक असलेली कितीतरी फळं पक्षी आरामात खातात आणि बिया पसरवतात. शेळी खाते हाही पुरावा नाही. उकळलं किंवा वाळवलं की विष जातं हे काही विषांच्या बाबतीत खरं आहे आणि बऱ्याच विषांच्या बाबतीत साफ खोटं, कण्हेरीचं विष पान वाळवल्यावर पण राहतं. कडू लागलं तरच विषारी, हे पण नाही. आणि एकाच झाडाचा एक भाग खाण्याचा आणि दुसरा विषारी असं सर्रास असतं, बटाटा आपण खातो पण बटाट्याच्या झाडाला येणारी छोटी हिरवी फळं विषारी असतात, त्यामुळे "या झाडाचं अमुक खातात" एवढ्यावर बाकीच्या भागाला हात घालू नका.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

झाडाजवळ जाताना हात झाकलेले पाहिजेत. साधे हातमोजे चालतील, ते नसतील तर एखादी काडी घ्या आणि तिने पान उलटवून बघा. तोडायची घाई करू नका, कारण नुसत्या स्पर्शाने त्रास देणारी झाडंही आहेत, खाजकुइलीच्या शेंगेवरची लव वाऱ्याने उडून अंगावर आली तरी माणूस खाजवून हैराण होतो, आणि रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखर इजा होते. जायंट हॉगवीड नावाचं एक झाड आहे, त्याचा रस कातडीला लागला तर लगेच काही कळत नाही, पण त्या जागेवर ऊन पडलं की एखाद-दोन दिवसात भाजल्यासारखे फोड येतात. म्हणजे "हात लावला, काही झालं नाही" याला अर्थ नाही. बरोबर लहान मूल किंवा कुत्रा असेल तर त्यांना आधी लांब थांबवा, मग बघत बसा.

आता बघायचं काय? बहुतेक लोक फुलाचा एक फोटो काढतात आणि विचारतात हे काय आहे. फूल महत्त्वाचं आहेच, पण ओळख पटते ती पूर्ण झाडावरून, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पानं फांदीवर कशी लागलीत ती. तीन प्रकार लक्षात ठेवा. एकाआड एक, म्हणजे एक पान या बाजूला, थोडं वर दुसरं त्या बाजूला. समोरासमोर, म्हणजे एकाच पेरावर दोन पानं जोडीने. आणि चक्राकार, म्हणजे एकाच पेरावर तीन किंवा जास्त पानं गोलाकार. हे फांदीच्या मधल्या भागावर बघायचं, टोकाला पानं दाटीने असतात तिथे फसायला होतं. एवढ्या एका गोष्टीवरून निम्मे अंदाज गळून पडतात.

पान साधं आहे का संयुक्त हे पण बघा. यात नवीन माणूस हमखास गडबडतो, कारण संयुक्त पानाच्या पर्णिका बघून त्याला वाटतं की ही वेगवेगळी पानंच आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे, पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात एक बारीक कळी किंवा डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. तर देठाच्या मुळाशी डोळा शोधत जा, जिथे डोळा सापडेल तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करून पण दिसतं.

मग पानाची कड, सरळ आहे का दातेरी, टोक कसं आहे, शिरा कशा धावतात, पानाची मागची बाजू लवदार आहे का गुळगुळीत. देठ पात्याला कुठे जोडलाय तेही बघा, एरंडाचा देठ पानाच्या कडेला न येता पात्याच्या आत खालच्या बाजूने जोडलेला असतो, ही खूण एकदा बघितली की विसरत नाही. कळलावीच्या पानाचं टोक लांब होऊन गुंडाळलेलं असतं आणि त्यानेच ती आजूबाजूच्या झुडपाला धरून वर चढते, फूल नसतानाही ते टोक बघून संशय यायला पाहिजे.

खोड गोल का चौकोनी, पोकळ का भरीव, त्यावर केस, काटे, डाग आहेत का, कुठे मोडलेलं असेल तर चीक आलाय का आणि कोणत्या रंगाचा. मुद्दाम मोडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, किड्याने खाल्लेलं किंवा वाऱ्याने मोडलेलं एखादं पान सापडतंच. खोडाचं महत्त्व किती आहे त्याचं एक उदाहरण सांगतो. हेमलॉक, तेच ज्याचा काढा इसवी सन पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला पाजला गेला, आणि रानगाजर, या दोघांची पानं पिसासारखी चिरलेली आणि दोघांनाही छत्रीसारखे पांढऱ्या बारीक फुलांचे घोस. फुलाच्या फोटोवरून भलेभले फसतात. पण हेमलॉकचं खोड गुळगुळीत, पोकळ आणि त्यावर जांभळट डाग असतात, रानगाजराचं खोड केसाळ असतं. खोडाचा फोटो नसेल तर कितीही जाणकार माणूस असला तरी तो काय सांगणार.

फूल असेल तर समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो. पाकळ्या किती, सुट्या का एकमेकींना चिकटून नळी झालेली, आत पुंकेसर किती, मागे हिरवी निदलं कशी आहेत. फळाचं पण तसंच, एकेकटं लागलंय का घोसात, वर उभं आहे का खाली लोंबतंय, बुडाशी काय आहे. बेलाडोना नावाच्या विषारी झुडपाचं काळं चमकदार फळ एकेकटं येतं आणि त्याच्या मागे पाच टोकांची मोठी हिरवी चांदणी पसरलेली असते, तर रानात सगळीकडे उगवणाऱ्या कांगोणीची फळं छोट्या घोसात येतात आणि त्यांच्या मागचा हिरवा भाग अगदी लहान असतो. (कांगोणी आहे म्हणून पण तोंडात टाकू नका, तिची कच्ची हिरवी फळं त्रास देतात.)

याच्याबरोबर जागा आणि तारीख लिहून ठेवा. पाण्याकाठी, उघड्या माळावर, दाट सावलीत, पडीक जमिनीवर, जे असेल ते. उंची अंदाजे किती, वेल आहे का झुडूप का जमिनीलगत पसरलेलं. फोटोत शेजारी पेन ठेवलं तर आकार कळतो, आणि मागे एखादा कोरा कागद धरला तर पानाची कड स्वच्छ दिसते, नाहीतर मागच्या गवतात सगळं मिसळून जातं.

आता दोन उदाहरणं जरा जवळून बघू म्हणजे पद्धत कशी चालते ते कळेल.

काटेरी हिरवं फळ दिसलं, सुपारीएवढं किंवा लहान-मोठं. पहिला अंदाज धोतरा. पण काटेरी फळ एरंडालाही येतं आणि लांडगा, म्हणजे शंकेश्वर म्हणतात ना, त्यालाही येतं. आता फरक करत जायचं. फळं एका दांड्यावर झुबक्याने आहेत, प्रत्येक फळाचे तीन कप्पे बाहेरून कळतायत, काटे मऊसर आहेत आणि पानं पंजासारखी मोठी, तर एरंड. फळं अगदी छोटी, लांबट, काट्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली आणि कपड्याला चिकटतायत, तर लांडगा. फळ फांद्यांच्या बेचक्यात एकेकटं, बुडाशी जुन्या फुलाचा राहिलेला घेर झालरीसारखा, आणि त्याच झाडावर कुठेतरी लांब कर्ण्यासारखं फूल, तर धोतरा. धोतऱ्यातही जाती आहेत, काहींचं फळ वर उभं राहतं आणि पिकल्यावर चार फाकांत उघडतं, काहींचं खाली झुकतं आणि वेडंवाकडं फुटतं, पण विषारी सगळ्याच आहेत त्यामुळे सावधगिरीपुरतं तिथे थांबलं तरी चालतं. आणि बघा, एरंड आणि लांडगा पण निरुपद्रवी नाहीतच, एरंडाच्या बीत रायसिन नावाचं जहाल विष असतं आणि लांडग्याची कोवळी रोपं गुरांना मारतात.

दुसरं उदाहरण कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. दोन्हींची पानं लांब आणि निमुळती, नावं पण लोक एकमेकांची वापरतात, म्हणूनच बोलीतल्या नावावर न थांबता शास्त्रीय नावापर्यंत जा असं मी सांगतो, एक निरियम ओलिअँडर आणि दुसरी कॅस्काबेला थेवेशिया. कण्हेरीची पानं बहुतेक तीन-तीनच्या चक्रात, जाड, आणि मधल्या शिरेपासून दोन्हीकडे बारीक शिरा कंगव्याच्या दातांसारख्या समांतर जातात. बिट्टीची पानं एकाआड एक आणि जास्त अरुंद. कण्हेरीला लांब शेंगा येतात, बिट्टीला हिरवं, कोनेदार, पिकून काळं होणारं गोलसर फळ येतं. दोन्ही हृदयाला घातक, पण बिट्टीचं फळ मुलांना खेळायला उचलावंसं वाटतं म्हणून ते वेगळं ओळखता येणं फार गरजेचं आहे.

पद्धत लक्षात आली असेल. आधी अंदाज बांधा, मग तो अंदाज खोटा पाडेल अशी खूण मुद्दाम शोधा. आपल्याला एकदा नाव सुचलं की डोळे फक्त जुळणाऱ्या गोष्टी बघतात, नऊ खुणा जुळल्या आणि एक जुळत नाही तर मन म्हणतं असेल काहीतरी फरक, आणि नेमका तिथे धोका असतो. ती एक न जुळणारी खूण सगळ्यात जास्त गांभीर्याने घ्या.

ॲप वापरायचं का? जरूर वापरा, गुगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट ही सगळी सुरुवातीला दिशा मिळायला छान आहेत. पण ॲप जे देतं तो अंदाज असतो, ते फोटोतल्या पॅटर्नवरून सांगतं, खोड चाचपून किंवा वास घेऊन नाही. एकच फोटो टाकून पहिलं उत्तर घेऊ नका, पान, फूल, फळ, खोड वेगवेगळे टाका, आणि प्रत्येक वेळी तेच नाव येतंय का बघा. वेगवेगळी नावं आली तर ॲपला कळलेलं नाही असं समजा. पहिली चार-पाच सुचवलेली नावं वाचा, त्यात एक जरी घातक झाड असेल तर ते नाही हे सिद्ध होईपर्यंत तेच आहे असं धरा. बऱ्याचदा ॲप कूळ बरोबर सांगतं आणि जात चुकवतं, पण एकाच कुळात खाण्याची आणि मारणारी दोन्ही झाडं असतात, टोमॅटो आणि धोतरा एकाच कुळातले आहेत, त्यामुळे कूळ कळलं म्हणजे काम झालं असं नाही. आयनॅचरलिस्टवर एक चांगली सोय आहे की तुमच्या नोंदीवर इतर माणसं येऊन मत देतात आणि दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झाल्यावरच त्या नोंदीला वरचा दर्जा मिळतो, तरीपण मत देणारी माणसं आहेत, तीही चुकतात.

माणसाला विचारताना सगळे फोटो, जागा, तारीख एकदम द्या आणि उत्तर आलं की विचारा, "कशावरून ओळखलंत?" जो माणूस म्हणतो पानं समोरासमोर आहेत, चीक पांढरा आहे, फळाला अशी कड आहे, त्याच्या उत्तराला वजन आहे. जो नुसतं नाव फेकतो त्याचं ऐकून घ्या पण पडताळा. आजूबाजूचे जुने जाणते लोक फार कामाचे असतात, कारण त्यांनी ते झाड बारा महिने बघितलेलं असतं, फक्त त्यांच्या नावाची नंतर शास्त्रीय नावाशी गाठ घालून घ्या. कॉलेज-विद्यापीठातला वनस्पतीशास्त्र विभाग, हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह असलेली जागा, इथे नीट विचारलं तर मदत मिळते. नमुना न्यायचा तर पिशवी हातावर उलटी चढवून तिनेच फांदी पकडा आणि पिशवी सुलटी करून बंद करा, पान-फूल-फळ असलेली फांदी घ्या, सुटं पान नको.

आणि कधीकधी ओळख पटतच नाही. कोवळं रोप असेल, फूल-फळ नसेल, तर तज्ज्ञ पण सांगतात की थांबा. हे उत्तर स्वीकारायला शिका, तिथे खूण करून ठेवा आणि फुलाच्या दिवसात परत जा. तोपर्यंत लहान मुलं आणि जनावरं तिकडे जाणार नाहीत एवढं बघा.

आता कुणी खाल्लंच तर काय. आधी तोंडात जे उरलंय ते बाहेर काढा, पाण्याने चूळ भरायला लावा. उलटी करायला लावू नका, मीठपाणी नको, दूध पाजा, तूप पाजा असले उपाय नकोत, उलटी घशात अडकून किंवा चीक दुसऱ्यांदा घशाला लागून जास्त नुकसान होतं. लगेच डॉक्टर किंवा विषबाधेची माहिती देणारी हेल्पलाइन, आणि माणूस बेशुद्ध असेल, श्वास नीट नसेल किंवा झटके येत असतील तर थेट ॲम्ब्युलन्स. लक्षणं यायची वाट बघत घरी बसू नका. सोबत झाडाची फांदी पिशवीत घालून न्या, निदान फोटो तरी, आणि हे तीन सांगा: कोणता भाग खाल्ला, अंदाजे किती, किती वाजता. बी असेल तर चावली का अख्खी गिळली हे पण सांगा, गुंजेचं कवच टणक असतं, अख्खी गेली आणि चावून गेली यात डॉक्टरांसाठी मोठा फरक पडतो. धोतऱ्यात तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बडबडायला लागतो, अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, त्याला आपण काय करतोय याचं भान नसतं.

कातडीला लागलं तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, कपडे बदलून वेगळे धुवा, आणि त्या जागेवर ऊन पडू देऊ नका. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार धरून १५-२० मिनिटं डोळा धूत राहा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, आणि मग डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, बरं वाटलं तरी जा.

झाड विषारी निघालं आणि ते काढून टाकायचंच असेल तर पूर्ण बाह्या, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. शक्यतो बी धरायच्या आधी काढा, मुळासकट, कंद असेल तर कंद राहिला की परत उगवतं. आणि जाळू नका. पॉयझन आयव्ही म्हणजे नुसत्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठवणारी वेल, तसल्या झाडाचा धूर फुफ्फुसात गेला तर आतून सूज येते, कण्हेरीचा धूर पण घातक असतो. जाड पिशवीत बंद करून टाका, जनावरं चरतात अशा ठिकाणी ढीग लावू नका, वाळलेलं ते बिचारी खातात. कोयता-कात्री साबणाने धुवा, आणि हातमोजे काढताना बाहेरची बाजू हाताला न लागता उलटे करून काढा.